आप्पांच्या डोक्यातला जंत

"पाव किलो म्हणाले मी आप्पा, पाव किलो! किती घालताव?"

शेजारच्या गौराबाईंचा आवाज दुकानातून थेट चुलीपर्यंत आला. मी भाकरी थापत होते, तशीच पिठाच्या हातांनी बाहेर धावले. आप्पा, म्हणजे माझे सासरे, तराजूपाशी उभे होते. उजव्या हातातल्या डब्यातून तूरडाळ पारड्यात पडत होती, पारडं कधीच भरलं होतं आणि डाळ आता जमिनीवर सांडत होती. डावा हात सदऱ्याच्या गुंडीशी चाळा करत होता. तोंडात काही नसताना ओठ मात्र पान चघळल्यासारखे हलत होते. डोळे उघडे होते, पण ते काही बघत नव्हते.

"आप्पा," म्हणत मी त्यांच्या हातातला डबा काढून घेतला.

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि अगदी लहान लेकराच्या आवाजात म्हणाले, "अव्वा, भूक लागली."

अव्वा म्हणजे आई. त्यांची आई मी फक्त फोटोत पाहिलेली. गौराबाईंनी तोंडावर हात ठेवला. "अगं बाई, अंगात आलं की काय यांच्या!"

थोड्या वेळानं आप्पांनी डोळे चोळले, जमिनीवरच्या डाळीकडे पाहिलं आणि माझ्यावरच डाफरले, "डाळ कुणी सांडली गं? लक्ष कुठं असतंय तुमचं?" माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नव्या सुनेनं काय बोलायचं? मी केरसुणी आणली.

उमरग्याच्या अलीकडे, सोलापूरच्या रस्त्यावर आमचं गाव. घरात माणसं तीनच: बसलिंगप्पा म्हणजे आप्पा, माझे यजमान चन्नवीर आणि मी. सासूबाई लग्नाआधीच गेलेल्या. पुढं किराणा दुकान, मागं घर आणि घरामागं ओढ्याच्या कडेला आप्पांचा लाडका भाजीचा तुकडा. रोज सकाळी आंघोळ आणि लिंगपूजा उरकून आप्पा तिथं जायचे. मेथी, करडई, मुळ्याचा पाला मुठीनं उपटायचे, गुडघ्यावर दोनदा झटकायचे आणि भाकरीसोबत कच्चाच खायचे. आमच्या भागात असा पाला ताटात नसला तर जेवण झालं असं कुणी मानत नाही. मी एकदा ती मेथी धुवायला घेतली, तर म्हणाले, "कावेरी, आपल्याच रानातलं काय धुवायचंय? पाणी लागलं की चव गेली." मी बारावी शिकलेली असले तरी सासऱ्यांना चव शिकवण्याइतकी शहाणी नव्हते.

माणूस मात्र लाखात एक. मला कधी 'सूनबाई' म्हटलं नाही, नेहमी 'कावेरी' नाहीतर 'पोरी'. चन्नवीर माझ्यावर चिडले की आप्पा त्यांना दुकानात बोलावून उगीच गुळाच्या ढेपा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हलवायला लावायचे. डोकं थंड होईपर्यंत. मला माहेरची आठवण यायची ती त्यांच्यामुळे कमी झाली, हे मी आजही कुणालाही सांगेन.

तेव्हा डाळ सांडली त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तसले झटके पुन्हा आले. कधी ते बोलता बोलता थांबायचे, कधी भलत्याच वेळी दुकानाचं दार लावायला निघायचे, आणि दर वेळी मी त्यांची अव्वा व्हायची. गावात कुणी म्हणालं वय झालं, कुणी म्हणालं बाहेरचं आहे. मग एके सकाळी पूजेहून उठताना आप्पा आडवे झाले, हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. आमची पाचावर धारण बसली. चन्नवीर जीप घेऊन आले आणि आम्ही सोलापूर गाठलं.

डोक्याचा फोटो निघाला. डॉक्टर तरुण होते, शांत बोलणारे. त्यांनी तो काळा फोटो उजेडाच्या पेटीवर लावला आणि त्यातले पांढरे ठिपके पेनाच्या टोकानं दाखवले. ज्वारीच्या दाण्याएवढे.

"घाबरू नका. गाठ-बिठ नाही ही. जंत आहे. मेंदूत जाऊन बसलाय, तिथं सूज आलीय, म्हणून हे झटके. गोळ्यांनी बरं होतं."

"जंत? डोक्यात?" चन्नवीर म्हणाले. "कसला जंत?"

"डुकरातून येणारा असतो हा..."

चन्नवीर खुर्चीवरून उठलेच. "डॉक्टर, आम्ही लिंगायत आहोत. आमच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा आलेलं नाही कधी. काय बोललालाव तुम्ही?"

"अहो, पूर्ण ऐका तर..."

"काय ऐकायचंय? आप्पा, चला उठा."

त्यांनी टेबलावरची चिठ्ठी उचलली, आप्पांच्या दंडाला धरलं आणि बाहेर काढलं. डॉक्टर मागून काहीतरी सांगत होते, पण आमच्या घरच्यांच्या कानाला 'डुक्कर' एवढंच चिकटलं होतं. मी दारात रेंगाळले, तर बाहेरून हाक आली. खालच्या दुकानातून गोळ्या घेतल्या आणि परत निघालो. मला नवल वाटलं ते आप्पांचं. ते रागावले नाहीत, 'असं कसं' म्हणाले नाहीत. सगळ्या वाटेत खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी आल्यावर आप्पांनी आंघोळ केली. मी ताट वाढायला घेतलं आणि पाहते तर ते देवळीसमोर उभे. गळ्यातली चांदीची करडगी दोऱ्यासकट हातात, तिला कपाळ लावलं आणि ती देवळीत ठेवून दिली.

माझ्या हातातली पळी पडली. आमच्यात इष्टलिंग एकदा गळ्यात आलं की माणूस मातीआड होईपर्यंत उतरवत नाहीत. रोज ते तळहातावर घेऊन पूजा करायची, आणि पूजा झाल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. त्या करडगीत आप्पांचं लिंग होतं.

"आप्पा, हे काय करताय?"

"अंगात डुक्कर घेऊन ह्याला हातात धरू व्हय, पोरी?"

"अहो, पण पूजा नाही केली तर जेवणार कसं?"

"तेच की," आप्पा म्हणाले आणि घोंगडी अंथरून पडले.

गोळ्यांची पुडी तशीच राहिली. उपाशीपोटी औषध घ्यायचं नाही, आणि पूजेविना जेवायचं नाही. सगळ्या वाटा त्यांनी स्वतःच्याच हातानं बंद करून टाकल्या. मी विनवलं, रडले, शेवटी रागावलेसुद्धा. ते पाणी तेवढं प्यायचे. मध्येच ओठ हलायचे, गुंडीशी हात जायचा, आणि मग "अव्वा, भूक लागली" सुरू व्हायचं. शुद्धीत न जेवणारा माणूस बेशुद्धीत जेवायला मागतोय, हे बघवत नव्हतं. त्या अवस्थेत मी एकदा दूधभात भरवायला गेले, तर दुसऱ्याच घासाला भानावर आले आणि असं दुखावून माझ्याकडे बघितलं की पुन्हा माझं धाडस झालं नाही.

चन्नवीरांनी मात्र गुन्हेगार शोधून काढला. म्हणजे त्यांच्या मते. उन्हाळ्यात आप्पा एका लग्नाला जेवून आले होते. तिम्मण्णा धोत्र्यांच्या मुलीच्या.

तिम्माकाका आमच्या गावचे वडार. दगड फोडणं, विहिरी खोदणं हा त्यांचा पिढीजात धंदा, आणि त्यांच्या घरात डुकराचं मांस चालायचं. आप्पांचे जिवाभावाचे मित्र. चार लोकांत ते आप्पांना 'सावकार' म्हणायचे आणि दोघंच असले की 'बसल्या'. रोज संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचे. पायरीच्या आत कधी आले नाहीत. त्यांचा चहाचा पेला बाहेरच्या कोनाड्यात पालथा असायचा. तो त्यांनी स्वतः विसळायचा आणि मी वरून चहा ओतायचा, अशी या घराची पद्धत मला पहिल्याच आठवड्यात कळली होती. मुलीच्या लग्नात काकांनी आप्पांसाठी वेगळी चूल मांडली होती आणि नळदुर्गाहून लिंगायत आचारी आणला होता. चन्नवीर त्यांच्या दारात जाऊन ओरडले, "आचाऱ्याच्या पातेल्यात तुमचाच चमचा पडला असंल! बाप माराय निघालाव तुम्ही माझा!"

हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, काका स्वतः पायरीशी आले तेव्हा. चन्नवीर माल आणायला उमरग्याला गेले होते. काकांचा चेहरा उतरला होता आणि ते बसले नाहीत.

"पोरी, सावकार काय म्हणतो? माझं नाव घेतलं त्यानं?"

"नाही काका. कुणाचंच नाही घेतलं."

"न्हाईच घ्यायचा तो." त्यांनी आत एक नजर टाकली. "डाक्टर नेमकं काय म्हणला? समदं सांग."

"समदं ऐकलंच कुठं आम्ही? ते सांगत होते आणि आम्ही उठून आलो."

हे बोलताना माझं मलाच लख्ख दिसलं की आम्ही साप साप म्हणून भुई धोपटतोय. "काका, मी आत्ताच्या गाडीनं सोलापूरला जाते. तुम्ही येताय का?"

काका लगेच घरी गेले आणि धुतलेलं धोतर नेसून आले. गौराबाईंना मी आप्पांजवळ बसवलं. "कुठं चाललीस?" आप्पांनी विचारलं. "येते," म्हटलं. खोटं बोलायला वेळ नव्हता.

एसटीत काका माझ्या पुढच्या बाकावर बसले होते. गावं मागं पडत होती, ते मान वळवत नव्हते. मध्येच म्हणाले, "लई जुनं खाल्लेलं असंल तर बाधतंय का गं? लई वर्सांमागचं?"

"काय जुनं, काका?"

"काय न्हाई," म्हणून पुन्हा पुढं बघायला लागले.

डॉक्टरांनी मला ओळखलं. "आलात? बरं झालं," म्हणाले, रागावले नाहीत. मग त्यांनी समोरच्या कागदावर चित्र काढून, माझ्यासारखीला कळेल असं सगळं सांगितलं. डुकराचं कच्चं मांस खाणाऱ्या कुणाच्या तरी पोटात तो लांब जंत वाढतो. तो माणूस उघड्यावर परसाकडे बसला की जंताची बारीक अंडी मातीत, ओढ्यात जातात. तिथून भाजीवर. ती भाजी कुणी न धुता कच्ची खाल्ली की अंडी पोटात, पोटातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत. "डुक्कर खाल्ल्यानं नाही, बाई, न धुतलेला पाला खाल्ल्यानं. माझ्याकडे हा आजार घेऊन शाकाहारी माणसं कितीतरी येतात."

गुडघ्यावर झटकलेली ती मेथीची मूठ माझ्या डोळ्यांपुढे आली. आमच्या ओढ्याच्या वरच्या अंगाला पहाटे अख्खा गाव टमरेल घेऊन जात असे. घरातलं सगळ्यात शुद्ध म्हणून आप्पा जे खात होते, तेच त्यांच्या डोक्यात जाऊन बसलं होतं.

"पण समजा," काका एकदम म्हणाले, "एखाद्यानं पंचवीस वर्सांमागं एकडाव खाल्लं. शिजवल्यालं. त्यानं झालं असंल का हे?"

"शिजवलं की जंत मरतो. आणि पंचवीस वर्षांपूर्वीचं? छे. त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

"फिरून सांगा."

डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. काकांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं.  स्टँडवर मी सरळ विचारलं, "काका, कुणी खाल्लं होतं?"

"ते माझं सांगायचं न्हाई, पोरी," ते म्हणाले.

आम्ही गावात उतरलो तेव्हा दिवस कलला होता. आप्पांचे डोळे खोल गेले होते. मी उशाशी बसून डॉक्टरांचं बोलणं शब्दन्‌शब्द सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. "डाक्टरला काय ठावं," म्हणाले.

तेवढ्यात काका पायरी चढून आत आले. सरळ माजघरात येऊन घोंगडीच्या कडेला बसले. गौराबाई काहीतरी निमित्त काढून घरी गेल्या. रात्रीपर्यंत गावात कळणार हे नक्की होतं, त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे.

"बसल्या, बहात्तरचं घेऊन बसलायस न्हवं?"

आप्पांनी दचकून माझ्याकडे पाहिलं.

"असू दे तिला. तिनंच मला डाक्टरकडं नेलं."

 आप्पा पुन्हा भिंतीकडे वळले आणि मला सांगितल्यासारखं बोलायला लागले. बहात्तरच्या दुष्काळात दुकान बंद पडलं होतं. विकायला माल नाही, घ्यायला गिऱ्हाईक नाही. तेव्हा आप्पा रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. कामावर त्यांना ओळखणारा एकटा तिम्मा. हात सोलून निघाले, मग ताप आला, ते पालात पडून राहिले. कितीतरी दिवस पोटात काही नव्हतं. एका संध्याकाळी तिम्मानं वाटीभर गरम रस्सा आणून तोंडाला लावला.

"त्यात तुकडे होते," आप्पा म्हणाले. "मी इचारलं न्हाई. इचारलं असतं तर खाता आलं नसतं. वर आणि मागून खाल्लं. त्याच्यावर उठून उभा ऱ्हायलो मी. आता ते डोक्यात निघालंय, बघ."

 गावभर ज्यांच्या सोवळ्याचा दाखला देत, तो हा माणूस इतकी वर्षं हे एकट्यानं उरात घेऊन फिरत होता. मला त्यांची अशी माया आली की रडूच फुटलं.

आणि तिम्माकाका चक्क हसले.

"अरं खुळ्या! शेंगोळे होते ते!"

"काय?"

"शेंगोळे. हुलग्याचे. माझ्या आईनं केलेले. तुकडे म्हणं! मानसाला प्यायला पाणी न्हवतं त्या साली, आन् आमच्याकडं डुकरं उरली असतील व्हय? ती कवाच मेली हुती समदी. एवढी वर्सं मनात धरून बसलास, एका शब्दानं इचारायचं तर!"

हुलग्याच्या पिठाच्या बोटाएवढ्या वळ्या करून तिखट रश्श्यात शिजवतात, ते शेंगोळे. तापात पडलेल्या माणसाला अंधारात ते कशासारखेही वाटतील.

"शेंगोळे," आप्पा म्हणाले.

"शेंगोळे," काका म्हणाले.

आप्पा त्यांच्याकडे खूप वेळ बघत राहिले. शपथ घे म्हणाले नाहीत. मग हाताचा आधार घेऊन उठून बसले. "कावेरी, पाणी तापव."

त्यांनी आंघोळ केली, कपाळाला विभूती लावली, देवळीतली करडगी काढली आणि डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसले. तो हात मी खालून धरला. पूजा झाल्यावर त्यांनी दोरा पुन्हा गळ्यात बांधला आणि मला म्हणाले, "दोन ताटं कर. तिम्माला आपल्यातलं ताट दे."

चन्नवीर परत आले तेव्हा त्यांचे आप्पा वरणात भाकरी कुस्करून खात होते आणि शेजारी, आमच्याच पितळी ताटात, तिम्माकाका जेवत होते. ते उंबऱ्यातच थबकले. "बस जेवायला," आप्पा त्यांना म्हणाले, "आणि आधी ह्याच्या पाया पड." आमचे हे तापट असले तरी मनाचे स्वच्छ. डॉक्टरांचं सगळं म्हणणं ऐकल्यावर पाया पडले आणि रडलेही. जेवणानंतर आप्पांनी गोळ्यांची पुडी माझ्यापुढे धरली. "कुठली आधी घ्यायची, सांग."

औषध बरेच महिने चाललं. फिटच्या गोळ्या त्याहून जास्त. झटके हळूहळू विरळ झाले, मग थांबले. मला पुन्हा कधी कुणाची अव्वा व्हावं लागलं नाही, पुढं माझीच लेकरं झाली तेवढी. मेथी मी मिठाच्या पाण्यात धुवायला लागले, आणि आप्पा प्रत्येक घासाला "चव गेली, चव गेली" म्हणत सगळी संपवायला लागले.

तिम्माकाका पुढं सात-आठ वर्षांनी गेले. आप्पांनी त्यांना खांदा दिला, कुणाचं काही ऐकलं नाही. त्या हिवाळ्यात एकदा मी शेंगोळे केले होते. आप्पा वाटीत बोट घालून एक वळी उचलून बघत बसले.

"कावेरी, शेंगोळ्यात हाड असतंय का गं?"

"हाड? शेंगोळ्यात कुठलं हाड, आप्पा?"

"माझ्या वाटीत होतं."

मी चुलीपुढून वळले. ते हसत होते आणि डोळे भरून आले होते.

"म्हणजे त्या दिवशी तुम्हाला ठाऊक होतं? काका खोटं बोलतायत ते?"

"खोटं बोलाय त्याला येतच नव्हतं कधी. कान लाल व्हायचे त्याचे."

"मग लिंग परत गळ्यात कसं बांधलंत?"

आप्पांनी ती वळी तोंडात टाकली, सावकाश चावली. मग छातीवरच्या करडगीवर हात ठेवला.

"मी वाटीभर रस्सा प्यालो तवाबी हे गळ्यातच होतं की, पोरी. ह्याला ठावंच होतं समदं. त्यानंतर पंचवीस वर्सं रोज हातावर बसलं ते माझ्या, एका शब्दानं बोललं न्हाई. तिम्मा खोटं बोलला तवा मला आठवलं ते."

आणि त्यांनी रिकामी वाटी माझ्यापुढे केली.